गव्हाणीतला जन्म

आळंदीची वारी करून मंडळी घरोघर पोचतात, मार्गशीर्षाचे गुरुवार संपत येतात, आणि त्याच सुमारास बाजारात कागदी चांदण्या टांगलेल्या दिसू लागतात. पूर्वी त्या मुंबई-पुण्यात दिसत, आता तालुक्याच्या गावीही दिसतात. मग कीर्तन आटोपून वीणा खाली ठेवतो न ठेवतो तोच कोणी तरी जवळ येऊन विचारतो, "महाराज, हा नाताळ म्हणजे नेमका काय हो? आपल्या कृष्णाष्टमीसारखाच ना?"

या प्रश्नाची दोन उत्तरे तयारच असतात. एक म्हणजे, तो परक्यांचा सण, आपल्याला काय करायचे आहे! दुसरे म्हणजे, अहो देव एकच, नावे निराळी. तिकडे ख्रिस्त, इकडे कृष्ण, झाले! पहिला माणूस दार लावून घेतो. दुसरा दार उघडतो खरा, पण आलेल्याचे तोंड उघडायच्या आत "समजले, समजले" म्हणतो. मला विचाराल तर दोन्ही आळसाचीच उत्तरे. पाठशाळेत न्याय शिकताना आमच्या गुरुजींचा दंडक असा, की पूर्वपक्ष मांडायचा तो पूर्वपक्षीयाने ऐकून मान डोलवावी असा. पुढे बोलण्याचा अधिकार मग. ख्रिस्ती माणूस त्या रात्री मनात काय धरून देवळात जातो, हे त्याला पटेल असे आपल्याला सांगता येते का, एवढेच आज पाहायचे आहे. मधून मधून आमचा विठोबा डोकावेल, त्याला इलाज नाही.

आधी टरफले बाजूला करू. नाताळ हा शब्द पोर्तुगीज, अर्थ जन्मदिवस. सजवलेले झाड जर्मन लोकांचे, ते एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या राजवाड्यात गेले आणि तिथून जगभर. लाल झग्यातला म्हातारा आज दुकानदारांच्या कामाला लागला आहे, पण त्याचे मूळ चांगले आहे. आजच्या तुर्कस्थानात मायरा नावाच्या गावी चौथ्या शतकात निकोलस नावाचे एक धर्माध्यक्ष होऊन गेले. त्यांची आख्यायिका अशी, की एका गरीब बापाच्या तीन मुली हुंड्यावाचून अडल्या होत्या, तेव्हा यांनी रात्री कोणी पाहत नाही असे बघून खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकदा नव्हे, तिघींसाठी. आपल्याकडच्या किती बापांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही!

तारखेचे म्हणाल तर ती त्यांच्या ग्रंथात नाहीच. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये रूढ झालेला दिसतो तो चौथ्या शतकात. आर्मेनियातले ख्रिस्ती ६ जानेवारीला मानतात, रशियातले जुन्या पंचांगाने चालतात म्हणून त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो. स्मार्त एकादशी कोणती आणि भागवत कोणती यावर वाद घालणाऱ्या आपण याला हसू नये. आणि या सणाच्या नावाने चालणाऱ्या खाण्यापिण्याला, जुगाराला सर्वांत जास्त विटले कोण असतील, तर कट्टर ख्रिस्तीच. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळावर चक्क बंदी घातली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत हा सण पाळील त्याला पाच शिलिंग दंड होता. नुसती पायपीट करून वारी घडत नाही, असे आपल्या संतांनीही आपल्याला बजावलेच आहे की.

आता मूळ कथा. ख्रिस्ताची चरित्रे म्हणून चार ग्रंथ ते मानतात. त्यांपैकी दोघांनीच जन्म सांगितला आहे, मत्तय आणि लूक यांनी. लूकची कथा अशी. रोमचा बादशहा औगुस्त याने शिरगणतीचा हुकूम काढला. ज्याने त्याने आपल्या मूळ गावी जाऊन नाव लिहवायचे. योसेफ नावाचा सुतार नासरेथ गावी राहत होता, मूळ गाव बेथलेहेम. वाग्दत्त वधू मरीया दिवस भरत आलेली. तिला घेऊन तो निघाला. बेथलेहेमात पोचल्यावर तिचे दिवस भरले, मूल झाले, तिने ते बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले. कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. रानात रात्री मेंढरे राखणारे धनगर होते, त्यांना देवदूताने खबर दिली. खूण काय सांगितली? तेज नाही, शंखचक्र नाही. गव्हाणीत ठेवलेले बाळ, ही खूण.

इथे जरा थांबू या. नाताळची नाटके पाहिलीत तर त्यांत उतारशाळेचा एक खाष्ट मालक असतो, तो या जोडप्याला हाकलतो. लूकच्या ग्रंथात हा मालक नाही! तिथे एवढेच आहे की जागा नव्हती. व्याकरण शिकलेला माणूस वाक्यात आधी कर्ता शोधतो. या वाक्यात कोणी हाकलले, कोणी दार लावले, कोणी नाही म्हटले, असा कर्ताच नाही. जागा नव्हती, बस्स. मला तर सबंध कथेतले हे वाक्य सर्वांत भयंकर वाटते. दुष्ट माणसाने दार लावले असते तर आपण सुटलो असतो, कारण आपण दुष्ट नाही. पण उतारशाळेत आधी येऊन पथाऱ्या पसरलेली माणसे आपल्यासारखीच, लांबून चालून दमलेली. त्यांनी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. आषाढीला पंढरपुरात मठ-धर्मशाळा भरून गेल्यावर रात्री अकराला दाराशी कोणी आले तर आपण काय म्हणतो? "माउली, जागा नाही हो." आणि ते खरेच असते.

पोटुशी बाई दाराशी उभी असताना मात्र जागा नसते कशी, ती करावी लागते, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवायला नको. तरी त्या रात्री कोणी केली नाही, आणि त्याबद्दल कोणा एकाला धरताही येत नाही. ख्रिस्ती लोकांची श्रद्धा अशी, की ज्याने विश्व निर्माण केले तोच त्या रात्री या बिनकर्त्याच्या नाहीपणात जन्माला आला.

मत्तयाची कथा जरा निराळी. तिथे राजा हेरोद आहे. पूर्वेकडून ज्योतिषी येतात, यहुद्यांचा राजा कुठे जन्मला म्हणून विचारतात, बाळाला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण करतात. गंधरस प्रेताला लावण्याचे द्रव्य, बरे का! बारशाला कोणी असली वस्तू आणते? हेरोद भितो आणि बेथलेहेमातील दोन वर्षांच्या आतले सगळे मुलगे मारण्याचा हुकूम देतो. योसेफ रातोरात मायलेकरांना घेऊन मिसर देशात पळतो. (हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला असे बहुतेक इतिहासकार मानतात, म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्ताच्या सनाच्या आधीच! सहाव्या शतकात एका विद्वान साधूने गणित केले त्यात चूक राहिली, आणि जग त्याच चुकीवर तारखा घालते आहे.)

हे ऐकले की आपला श्रोता म्हणणारच, अहो, हा तर कंस! बंदिशाळा, यमुना, गोकुळ, सगळे जुळते. जुळते खरे, पण किती पावलांपर्यंत ते पाहा. आपली कथा कंसवधाशिवाय पुरी होत नाही. सज्जनांचे रक्षण, दुर्जनांचा नाश, धर्माची स्थापना, हे अवताराचे प्रयोजन आपण लहानपणापासून ऐकले. ख्रिस्तकथेत हेरोदाचा वध नाही. तो आपल्या मरणाने मरतो. बाळ मोठे होते, आणि तेहतीस वर्षांच्या आसपास रोमन सुभेदार त्याला क्रूसावर देतो. मग देव येऊन केले काय? दैत्य मारला नाही, राज्य उलथले नाही. त्यांचे उत्तर असे, की त्याने दुष्टांना मारायचे टाकून दुष्टपणाचा मार स्वतः घेतला, कारण मारायचेच ठरवले तर माणूस एकही उरला नसता. माणसाच्या रोगाला आपण अज्ञान म्हणतो, ते पाप म्हणतात. निदान निराळे म्हणून औषध निराळे. म्हणून त्यांच्या पंचांगात नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, स्तेफन नावाच्या पहिल्या हुतात्म्याची पुण्यतिथी येते, आणि २८ ला हेरोदाने मारविलेल्या त्या मुलांचा दिवस. पाळण्याची दोरी हातात असतानाच रक्ताची आठवण. चांदण्या आणि केक विकणाऱ्यांना हे दोन दिवस ठाऊक नसतात.

आता तर्काची अडचण. परस्परविरुद्ध धर्म एका ठिकाणी राहत नाहीत, हा आमचा अगदी आरंभीचा पाठ. पूर्णाला उणेपण कसे येईल? सर्वज्ञ आहे, आणि त्याला बोलता येत नाही. विश्वाचे पोट भरतो, आणि दुधासाठी रडतो. हे एकाच ठिकाणी कसे? ही शंका ख्रिस्ती पंडितांना सुचली नाही असे समजू नका. ते तीन-चारशे वर्षे हेच भांडत होते. काहींनी म्हटले, तो देह नुसता भास, मायेने घेतलेला. भूक लागली नाही, लागल्यासारखे दाखवले. अलेक्झांड्रियाच्या आरियसने दुसरी वाट काढली, की पुत्र थोर खरा, पण तोही निर्मिलेलाच, पूर्ण देव नव्हे. दोन्ही वाटा तर्काला सोप्या, आणि दोन्ही त्यांनी नाकारल्या. ३२५ साली नायसिया येथे धर्मसभा भरली, तिने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. ४५१ साली खाल्सेदोन येथे दुसरी भरली. तिने म्हटले, तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. आणि या दोहोंचा संबंध चार नकारांनी सांगितला: मिसळण नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. कसे आहे ते सांगितले नाही, कसे नाही तेवढे सांगितले. उपनिषदे घोकलेल्याला ही रीत ओळखीची वाटते. हे सूत्र सर्वांनीच मानले असेही नाही. आर्मेनियाच्या आणि केरळातल्या काही जुन्या ख्रिस्ती परंपरांना ते आजही मान्य नाही. पण देह खरा होता यावर ते सगळे एक आहेत.

एवढा हट्ट कशासाठी? विचार केला तर कारण समजते. देह नाटकाचा असेल तर भूक नाटकाची, थंडी नाटकाची, मरणही नाटकाचे. मग माझ्या खऱ्या भुकेला देवाचा हात लागलाच कुठे? आणि पूर्ण देव नसेल तर तो आपल्यासारखाच एक दुःखी, त्याला पाहून आपले दुःख कसे उतरणार? म्हणून दोन्ही टोके त्यांनी सोडली नाहीत. तर्क ताणला, तुटू दिला नाही.

आमच्याकडेही देव हलके काम करायला येतो. जनीबरोबर दळतो, दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बेदरला रसद भरतो, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहतो. हे ऐकून ज्याच्या डोळ्यांत पाणी येते त्याला गव्हाणी समजायला वेळ लागत नाही. तरी फरक आहे. श्रीखंड्या ओळखला गेला आणि अदृश्य झाला. विठू महार पावती घेऊन निघून गेला. काम झाले, वेष उतरला. ख्रिस्ती सांगतात की याने वेष घेतलाच नव्हता, म्हणून उतरवायलाही काही नव्हते. मरून उठल्यावर आणि स्वर्गी गेल्यावरही तो मनुष्यत्वासकटच आहे. आणखी एक फरक. विठोबा पुंडलिकाच्या दाराशी आला आणि थांबला, कारण पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. देव भक्तासाठी ताटकळतो, याहून मोठे काय असेल असे मला नेहमी वाटत आले. पण तो विटेवर आपल्या पायांनी उभा आहे, कर कटेवर आहेत. बेथलेहेमातल्या बाळाला उभे राहता येत नाही. त्याला कोणी उचलून घेतले नाही तर तो मरेल. देव माणसाच्या हातात इतका सापडला, हे त्यांचे नाताळचे गूढ.

आमची वाट निराळी होते ती "एकदाच" या शब्दापाशी. देव एकदाच, एकाच देशी, औगुस्ताच्या अमदानीत आला, पुन्हा असा येणार नाही, हे मला वारकऱ्याला मान्य होणार नाही. आमचा देव येत राहतो. हे स्पष्ट बोलल्याने मैत्रीला बाध येत नाही. उलट गोलमाल बोलण्याने येतो.

मराठीत ही कथा नवी नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुईट १५७९ साली गोव्यात आला आणि इथेच राहिला. त्याने ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या प्रसिद्धच आहेत. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगत. त्यांनी कीर्तनाचा साज ख्रिस्ती मंदिरात नेला, आणि त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुरे केले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल लिहिले, २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते निवर्तले. ही माणसे आपल्याच बोलीत बोलणारी.

पण साष्टी म्हटले की दुसरेही आठवते, आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. ज्या साष्टीत ती ओवी रचली गेली तिथली देवळे १५६७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडली होती. इन्क्विझिशन १५६० पासूनच होते. त्या धामधुमीत मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास. भाविकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे नेले, योसेफाने मूल उचलून मिसरात नेले तसे. ज्या बाळाला जागा नव्हती त्याचे नाव घेऊन दुसऱ्याच्या देवाला जागा ठेवली नाही! कोणी ख्रिस्ती यावर रागावेल तर त्याने रागवावे. पण मला वाटते तो रागावणार नाही, खाली पाहील. त्यालाही ठाऊक आहे की सत्तेच्या हातात गेलेला नाताळ हा हेरोदाचा नाताळ.

आणि आपण? चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली सापडून गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून समाधी बांधली ती महाद्वाराशी, पायरीच्या बाहेर. जिवंतपणी आत जागा नव्हती, मेल्यावरही नाही. सहाशे वर्षे आपण त्या समाधीला नमस्कार करून आत जात राहिलो आणि बाहेर कोण उभे आहे ते पाहिले नाही. कोणी हाकलत होते असे तरी प्रत्येकाला कुठे वाटत होते? रूढी होती. पुन्हा तेच, बिनकर्त्याचे वाक्य. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी प्राण पणाला लावून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, दहा दिवसांनी दार उघडायचे कबूल झाले. कर्ता नसलेल्या वाक्याला एका माणसाने आपला जीव कर्ता म्हणून दिला, असे मी कीर्तनात सांगतो.

ख्रिस्ताने मोठेपणी सांगितलेले एक आख्यान मत्तयाच्या ग्रंथात आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा लोकांना म्हणतो, मी भुकेला होतो, परका होतो, तुम्ही मला घेतले नाही. लोक चकित होऊन विचारतात, महाराज, तुम्हाला आम्ही कधी पाहिले? ते खोटे बोलत नसतात, त्यांनी खरेच पाहिलेले नसते. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, रामेश्वराला न्यायची कावड नाथांनी तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, त्यांनी पाहिले. उतारशाळेतल्यांनी पाहिले नाही. दोघांत विद्वत्तेचा फरक नव्हता.

रोमन परंपरेच्या चर्चमध्ये त्या दिवशी तीन वेळा मिस्सा होते, मध्यरात्री, पहाटे आणि दिवसा. रात्री लूकची गव्हाणी वाचतात, पहाटे धनगरांचे येणे, आणि दिवसा योहानाचा अध्याय, जिथे ना गव्हाण ना मेंढरे. आरंभी शब्द होता आणि तो देह झाला, एवढा सिद्धान्त. नारदीय कीर्तनकार आधी निरूपण करतो, मग आख्यान लावतो. यांनी उलटे केले. आधी मूल दाखवतात, ते कोण ते उजाडल्यावर सांगतात. मला ही मांडणी आवडली.

राहिला एक व्यवहाराचा प्रश्न, जो माळकरी मंडळी हमखास विचारतात: शेजारी ख्रिस्ती आहे, नाताळला बोलावतो, जावे का? जावे की! न जायला काय झाले? आपण माळकरी आहोत, मद्यमांस आणि अंडे चालत नाही, हे आधी हसून सांगावे. त्याला राग येत नाही, तो उलट जपतो. केकमध्ये बहुधा अंडे असते, तेव्हा तो राहू द्यावा. पण गोव्याकडचे घर असेल तर ताटात नेवरी असते. नेवरी म्हणजे आपली करंजीच, आत नारळाचे सारण. तेवढे विचारून खुशाल घ्यावी, आणि संक्रांतीला त्याच्या घरी तिळगूळ घेऊन जावे.